कथास्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला, पण कथाबीज कुठून आले हे सांगण्यासाठी हा धागा

वाशिष्ठीकाठ:

यंदाच्या दिवाळीत एका अंकाच्या कथास्पर्धेत माझ्या कथेला पहिला क्रमांक मिळाला. अंक घरोघरी पोचला आहे आणि अभिनंदनाचे फोनही थांबले आहेत, म्हणून जरा निवांतपणे लिहीत आहे. येथील तीन-चार सभासदांनी व्यक्तिगत निरोप पाठवून 'कथा सुचली कशी' असे विचारले होते. प्रत्येकाला मी वेगळे उत्तर दिले, आणि नंतर लक्षात आले की त्यांतले एकही धड खरे नव्हते. खरे उत्तर थोडे लांबलचक आहे.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमच्या घराचा तळमजला बुडाला आणि आम्ही चौघांनी माळ्यावर रात्र काढली. २००५ चा पूर आम्ही पाहिलेला होता, त्यामुळे 'फार तर तेवढेच येईल' या हिशेबाने सामान वर उचलून ठेवले होते. तो हिशेब चुकला. पुढे लिहायला बसले तेव्हा विषय पुराचाच घ्यायचा, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. एवढा मोठा अनुभव आयता दारात आलेला! दोन वर्षांत पुरावर दोन कथा लिहिल्या, दोन स्पर्धांना पाठवल्या आणि दोन्हींची साधी पोचही आली नाही. त्यांत पाणी चढते, माणसे घाबरतात, शेजारी धावून येतात, पाणी ओसरते. सगळे खरे होते, आणि तरीही वर्तमानपत्रांत येऊन गेलेल्या बातम्यांपलीकडे त्या कथांत काहीही नव्हते.

गाळातून जी ट्रंक निघाली तिच्यात सासूबाईंच्या हिशेबाच्या वह्या होत्या. सासूबाई आणि सासरे दोघेही पुराच्या कितीतरी आधी गेले. दुकानदार वापरतात तशा लाल कापडी बांधणीच्या, उभ्या चोपड्या होत्या त्या. भिजलेल्या वह्या ज्यांनी वाळवल्या असतील त्यांना ठाऊक असेल की पानांमध्ये गाळ वाळू द्यायचा नसतो. वाळला की वहीची वीट होते. परातीत स्वच्छ पाणी घेऊन, वही मिटलेलीच धरून, आधी तिच्या कडा धुवायच्या, ती उभी करून निथळू द्यायची, आणि मग आठ-दहा पानांमागे एक रद्दीचा कागद घालून तो दर दोन-तीन तासांनी बदलत राहायचे. आमची रद्दीही भिजलेली, म्हणून ती गुहागरच्या नातेवाइकांकडून मागवावी लागली. गाद्या, धान्य, कपडे उचलून बाहेर टाकले जात असताना मी परात घेऊन वह्या का धूत बसले होते, हे तेव्हा कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

शाईने लिहिलेले जवळजवळ सगळे गेले होते. दूध, रॉकेल, गिरणी, शिकवणी या शब्दांचे निळे डाग झाले होते आणि काही पाने तर नुसती आकाशी झाली होती. मात्र प्रत्येक महिन्याच्या बेरजेखाली, समासाला लागून, शिसपेन्सिलीने केलेली एक नोंद जशीच्या तशी होती: 'त. – ५'. शिसपेन्सिलीला पाणी काही करत नाही. वेळ आली तर खोडता यावी म्हणून जी ओळ पेन्सिलीने लिहिली असणार, तीच तेवढी उरली होती. दर महिन्याला पाच रुपये, आणि तेही १९७० च्या आसपासचे. असे सहा वर्षे चालले, आणि एका ऑगस्टनंतर ती नोंद थांबली. आमच्या घरात, नात्यात 'त' ने सुरू होणारे कोणीही नव्हते.

कथेत पूर नाही, ट्रंक नाही आणि वही वाळवणारी सूनही नाही. एक बाई दर महिन्याला नवऱ्याला न सांगता पोस्टात जाऊन मनीऑर्डर करते, आणि एका महिन्यात पोस्टाच्या पायरीवरून परत फिरते, इतकेच आहे. पहिला खर्डा ३,५०० शब्दांचा झाला आणि स्पर्धेची मर्यादा होती २,००० शब्दांची. 'त' कोण, हे सांगणारी दीड-दोन पाने त्यात होती. ती कापायला मला आठ दिवस लागले, आणि ती कापल्यावर कथा उभी राहिली.

आपणांस कथा कशावरून सुचते, आणि जे सुचले आहे ते कथेचे बीज आहे की नुसतीच आठवण आहे, हे आपण कसे ओळखता, हे वाचायला मला आवडेल.

काटेसावर:

मनःपूर्वक अभिनंदन, ताई. कथा मी अंकात वाचली होती, पण ती तुमची आहे हे आज कळले. पोस्टाच्या पायरीवर ती बाई पदराच्या गाठीतले पैसे सोडते आणि पुन्हा बांधते, ती जागा मी दोनदा वाचली.

माझ्यापुरते सांगायचे तर मला कथा एस. टी. मध्ये सुचतात. मी अकरा वर्षे कराड ते पाटण असा रोजचा प्रवास केला आहे आणि पुढच्या बाकावरचे अर्धे बोलणे ऐकण्याची मला सवय जडली आहे. अर्धे म्हणजे खरोखरच अर्धे, कारण गाडीच्या खडखडाटात उरलेले ऐकूच येत नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "विहीर वाटून घेतली, पण रहाट कुणाचा ते राहूनच गेलं." ते मल्हारपेठला उतरले. पुढचे काय ते मला कधीच कळणार नाही, आणि त्या एका वाक्यावर माझ्या दोन कथा झाल्या आहेत. बक्षीस अजून एकीलाही नाही.

मुद्रितशोधक:

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासली. दिवाळी अंकांचा हंगाम म्हणजे आमची सुगी असे. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकापासून सुरू झाली, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या प्रथेने मराठी कथेला एक ठरलेले वेळापत्रक दिले, याकडे फारसे लक्ष जात नाही. लेखकाला कथा कार्तिकात सुचो की फाल्गुनात, हस्तलिखित ऐन पावसाळ्यात पाठवावे लागे, कारण तेव्हाच छपाईसाठी अक्षरजुळणी सुरू होई. माझ्या हातून गेलेल्या दिवाळी अंकांतील कथांमध्ये पाऊस इतका का पडतो, याचे मला सुचलेले कारण एवढेच आहे.

कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, समास सोडावा, स्वतःचा पत्ता लिहिलेले व पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे, ही सूचना आता युनिकोडच्या काळात इतिहासजमा झाली. त्या पाकिटातून 'साभार परत' येत असे. काही संपादक मात्र नुसते साभार परत करत नसत. 'सत्यकथा' हे मासिक १९८२ साली बंद पडले, पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना जी सविस्तर पत्रे लिहीत, कथा कुठे सैल पडली आहे आणि काय पुन्हा लिहून पाहावे हे कळवत, त्यांची आठवण जुने लेखक अजून काढतात. स्पर्धेत हे होत नाही. स्पर्धा तुम्हाला क्रमांक देते किंवा देत नाही. वाशिष्ठीकाठ यांना पहिल्या दोन कथांची पोचही आली नाही हे वाचून वाईट वाटले, कारण कोणी चार ओळी लिहून कळवले असते तर पूर बाजूला ठेवायला त्यांना दोन वर्षे लागली नसती.

माजी परीक्षक:

एका तालुक्याच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेसाठी मी तीन वर्षे परीक्षक होतो, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो. नावे झाकलेल्या कथांचा गठ्ठा येतो. पहिल्या वाचनात परीक्षक कथा निवडत नसतो, बाजूला काढत असतो, आणि हे काम दुर्दैवाने फार वेगाने होते. अपघात, आत्महत्या, वृद्धाश्रम, परदेशी गेलेला मुलगा आणि पुन्हा न आलेले पत्र या विषयांवरील कथा गठ्ठ्यात शेजारी शेजारी पडल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. त्यांतली एखादी एरवी चांगलीही असेल, पण तिच्या वर आणि खाली तिच्याच बहिणी असतात. लेखकाने प्रसंग मोठा निवडला म्हणजे कथा मोठी होईल, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, आणि स्पर्धेच्या जाहिरातीत 'सामाजिक आशय असलेल्या कथेस प्राधान्य' असे छापले की ती आणखी घट्ट होते.

दुसरा रोग शेवटाचा. गोष्ट संपते आणि लेखकाला राहवत नाही म्हणून आणखी एक परिच्छेद येतो, ज्यात नायिकेला 'अचानक उमगते'. काही कथांचा शेवटचा परिच्छेद मी हाताने झाकून वाचत असे. आपण कापलेली दीड-दोन पाने कथेच्या शेवटी होती की मध्ये, हे जाणून घ्यायला आवडेल. माझा अंदाज शेवटी असा आहे.

बीज कसे ओळखावे, या प्रश्नावर मला अमेरिकी कादंबरीकार हेन्री जेम्सचा एक अनुभव नेहमी आठवतो. त्याची 'द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन' ही कादंबरी १८९७ साली पुस्तकरूपाने आली. पुढे तिच्या प्रस्तावनेत त्याने लिहिले की नाताळच्या आदल्या रात्री एका मेजवानीत शेजारी बसलेल्या बाईंनी, वडील वारल्यावर घरातल्या मौल्यवान सामानावरून एक आई आणि तिचा एकुलता मुलगा भांडत आहेत, असे सहज सांगितले. कथा त्याला तिथेच मिळाली. बाई पुढे सांगू लागल्या तेव्हा मात्र त्याला वाटले की आता त्या थांबतील तर बरे, कारण प्रत्यक्षात जे घडले असेल ते या बीजाची माती करणार. हे वाचले तेव्हा मला तो शिष्टपणा वाटला होता. आता वाटत नाही. आपल्या 'त. – ५' या नोंदीचा अर्थ आपणांस पहिल्याच दिवशी कोणी सांगितला असता, तर मला नाही वाटत ही कथा झाली असती.

खाडीपार:

अभिनंदन. पण माजी परीक्षकांशी मी पूर्ण सहमत नाही, आणि हा मुद्दा नवीन लिहिणाऱ्यांची दिशाभूल करील अशी मला भीती वाटते. मी मस्कतला असतो आणि जहाजांच्या दुरुस्तीच्या गोदीत काम करतो. माझ्या एका कथेत एक फिटर जहाजाच्या इंजिनरूममध्ये अडकतो. तो प्रसंग मला इथल्या कॅन्टीनमध्ये अर्ध्या वाक्यात ऐकायला मिळाला होता, हे खरे. परंतु त्या अर्ध्या वाक्याची कथा करताना मला आत किती उष्णता असते, घाम डोळ्यांत गेल्यावर माणूस कोणत्या हाताने डोळे पुसतो (कोपराने, कारण दोन्ही पंजे तेलाने माखलेले असतात), हाक मारल्यावर किती अंतरावर ऐकू येते, हे सगळे माहीत असावे लागले. मला ते नोकरीमुळे माहीत होते. अज्ञानाच्या जोरावर कथा सुरू होत असेल, पुढे मात्र ती माहितीच्याच जोरावर जाते. वाशिष्ठीकाठ यांनाही पोस्टाच्या खिडकीवर १९७० साली काय चालत असे, हे शोधावे लागलेच असणार.

वाशिष्ठीकाठ:

सर्वांचे आभार. माजी परीक्षक, आपला अंदाज बरोबर आहे; कापलेली पाने शेवटचीच होती.

खाडीपार, आपले म्हणणे मला पटते, आणि ते माजी परीक्षकांच्या म्हणण्याच्या विरुद्ध आहे असेही मला वाटत नाही. मनीऑर्डरचा अर्ज कसा असे, त्याच्या तळाशी चार शब्दांचा निरोप लिहायला जी जागा असे ती किती, पैसे मिळाल्याची सही होऊन पोच परत येत असे ती कोणाच्या हातात पडण्याची शक्यता, हे सगळे मी एका निवृत्त पोस्टमास्तरांना विचारून घेतले. त्या पोचेमुळेच तर कथेत पेच तयार झाला. चोरून पैसे पाठवणाऱ्या बाईला सगळ्यांत मोठी धास्ती पैशांची नसून त्या परत येणाऱ्या कागदाची असणार, आणि म्हणून ती पोस्टमनच्या वेळेला अंगणात काहीतरी काम काढत असणार, हे मला त्यांच्याशी बोलेपर्यंत सुचलेले नव्हते. तेव्हा काळाविषयी, वस्तूंविषयी, कामाच्या पद्धतीविषयी मी विचारत सुटले. सासूबाईंविषयी मात्र कोणालाही काही विचारले नाही.

चिपळूणमधील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ पासूनचे वाचनालय आहे. २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांत तेथील ग्रंथांचे नुकसान झाले. आमच्या गावात ओला कागद हा विषय काही माझ्या एकटीचा नाही, आणि कदाचित त्यामुळेच मी परात घेऊन बसले असेन.

कायदेकानू:

बक्षिसाच्या आनंदात एक रुक्ष गोष्ट सांगतो. काही स्पर्धांच्या नियमांत 'विजेत्या कथेचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील' अशी ओळ असते आणि लिहिणारे ती न वाचता कथा पाठवतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क देऊन टाकले तरी कथेवर स्वतःचे नाव असण्याचा आणि तिची बदनामीकारक मोडतोड होऊ न देण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो. माझ्या बहिणीची कथा एका नियतकालिकाने शेवट बदलून छापली होती. पत्र लिहिल्यावर दिलगिरी आली, पण ती पुढच्या वर्षी, आणि पान १९८ वर. कथासंग्रह काढायचा विचार असेल तर नियमपत्रक आजच शोधून ठेवा.

काटेसावर:

ताई, एक अवघड प्रश्न विचारू का? सासूबाई हयात नाहीत, पण घरातली इतर माणसे आहेत. नवऱ्याला न सांगता पैसे पाठवणारी बाई तुम्ही लिहिलीत आणि ती कोणावरून आली हे घरात कळायला वेळ लागणार नाही. मी रहाटाची कथा लिहिली तेव्हा ते गृहस्थ अनोळखी होते, त्यामुळे माझे निभावले. स्वतःच्या आजीवर लिहिलेली एक कथा मात्र मी चार वर्षे खणात ठेवली आहे.

मुद्रितशोधक:

हा प्रश्न जुना आहे. १९४९ साली व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' आले, तेव्हा आपल्याच मुलखातल्या, ओळखीच्या माणसांवर इतके नितळ लिहिता येते हे मराठी वाचकाने पाहिले. मात्र तिथे लेखक माणसांना समोरून भेटतो आणि आपण भेटलो हे सांगतो. कथास्पर्धेतली कथा नावे बदलून, कल्पनेचा बुरखा घेऊन येते, आणि घरच्यांना बुरख्याचाच राग अधिक येतो असे माझे निरीक्षण आहे. काटेसावर यांनी आजीची कथा खणातून काढावी. चार वर्षांत कागद पिवळा पडतो, बाकी काही सुधारत नाही.

वाशिष्ठीकाठ:

प्रश्न अवघड आहेच. त्याचे उत्तर मला भाऊबिजेला मिळाले आणि ते मिळाल्यापासून मी थोडी अस्वस्थ आहे. हा धागा काढण्याचे खरे कारणही तेच असावे.

माझ्या थोरल्या नणंदबाई, आक्का, पुण्याला असतात. त्यांनी अंक वाचूनच आणला होता. ओवाळणी झाली, जेवणे झाली आणि दुपारी त्यांनी मला विचारले, "ती वही आहे ना अजून? दाखव बघू." मी मनातून घाबरले होते. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाने उलटली. मग म्हणाल्या, "आईवर लिहिलंस ते चांगलं लिहिलंस. पण ही आईची नोंद नाही. आई पेन्सिलीनं हिशेब लिहायची नाही, पेन्सिलीचा हिशेब म्हणजे खोटा हिशेब असं म्हणायची. आणि हा पाच बघ."

मी पाहिला. आक्कांनी त्यांच्या लहानपणीचे प्रगतिपुस्तक आठवून सांगितले की पालकांच्या सहीखाली बाबा तारीख घालायचे, तेव्हा त्यांच्या पाचाचे शेपूट असेच लांब ओढलेले असायचे. सासऱ्यांच्या हस्ताक्षरातली घरपट्टीची एक जुनी टाचणवही माळ्यावर असल्यामुळे वाचली होती. ती मी रात्री काढली आणि चोपडीशेजारी ठेवली. पाच तोच आहे.

'त' कोण, हे आक्कांनाही ठाऊक नाही. मी सहा वर्षांच्या त्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. नोंद प्रत्येक वेळी बेरजेच्या खाली आहे, म्हणजे सासूबाईंनी महिन्याची बेरीज मारून वही मिटल्यावर ती केलेली आहे, आणि त्या बेरजेत ते पाच रुपये कधीच धरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नव्या महिन्याचे पान लिहायला सासूबाईच वही उघडत. समोरच्या पानावरची ती ओळ त्यांना दिसतच असणार.